टाकलेलें आणि ठेवलेलें

प्रवासाहून परत येणारा मनुष्य बरोबर काय घेऊन येतो, यावरून त्याची पारख करावी असें मला पुष्कळदां वाटतें. आमच्या कॉलेजांतले एक प्राध्यापक लोणावळ्याहून चिक्की आणतात. दुसरे पंढरपुराहून बुक्का आणि चुरमुरे आणतात. तिसरे कोठेंहि गेले तरी तेथल्या हवेविषयींची तक्रार तेवढी घेऊन येतात. मी भंगार आणतों. ‘भंगार’ हा शब्द अर्थात् माझा नव्हे. तो माझ्या पत्नीचा आहे. मी त्याला इतकीं वर्षें ‘संग्रह’ असें म्हणत आलों. पण एकाच घरांत एकाच वस्तूला दोन नांवें असलीं म्हणजे त्यांतलें कोणतें टिकतें, हें संसारी वाचकांस सांगावयास नकोच.

या छंदाला कारण झालें तें आमचें कल्याणचें बिऱ्हाड. कल्याणास राहणाऱ्या माणसाला रविवारीं डोंगराकडे जाण्याच्या दोन वाटा सोईच्या पडतात. कसाऱ्याची लोकल धरली तर ती आसनगांवला शहापूर तालुक्यांत उतरवून देते; समोर माहुलीचे सुळके उभे असतात. आणि एस्. टी. धरली तर ती मुरबाडवरून सरळगांव, टोकावडें करीत माळशेजच्या पायथ्याकडे नेते. गेलीं बारा-तेरा वर्षें मी या दोन्ही वाटा आलटून पालटून तुडवीत आलों आहें. डोंगर चढण्याचा उत्साह पन्नाशीबरोबर ओसरला. रस्त्याच्या कडेला पडलेल्या वस्तु वांकून उचलण्याचा उत्साह मात्र वाढत गेला.

आणि उचलण्यासारखें त्या बाजूला पुष्कळ आहे. गांवांतलीं घरें बदलत आहेत. कौलें उतरवून पत्रा किंवा स्लॅब घालण्याची चाल पडली आहे, आणि उतरविलेल्या कौलांचे ढीग परसांत पावसापाण्यांत भिजत असतात. १८६५ सालीं बाझेल मिशननें मंगळूरला असलीं कौलें भाजण्याचा कारखाना काढला, आणि पुढें हीं मंगळुरी कौलें कोंकणपट्टींतल्या घराघरांवर चढलीं. अशीं दोन कौलें मीं उचलून आणलीं, त्यांच्या टोंकांना फळ्या ठोकल्या, आणि गॅलरींतल्या ओव्याच्या रोपाला कुंडी मिळाली. विहिरीवर पंप बसल्यामुळें निकामी झालेल्या एका रहाटाचें चाक आणलें. त्याचें भिंतीवरचें घड्याळ झालें. तें रोज सात मिनिटें मागें पडतें. पण रहाटाला घाईची संवय नसते, हें आपणच समजून घेतलें पाहिजे. मोडक्या दाराच्या कड्या एका फळीवर बसवून छत्र्या अडकविण्याची सोय केली. आमच्या घरांत पाऊल टाकणारा पाहुणा यांपैकीं एखाद्या वस्तूला अडखळतोच, आणि मग तिचा इतिहास ऐकल्यावांचून त्याची सुटका नसते.

इंग्रजी वाङ्मय शिकविण्यांत ज्याचा जन्म गेला त्याला अशा वेळीं रॉबिन्सन क्रूसोची आठवण न होईल तरच नवल. डीफोची ती कादंबरी १७१९ सालीं प्रसिद्ध झाली. तींत मला सर्वांत आवडतो तो पाऊलखुणेचा प्रसंग नव्हे, तर फुटलेल्या जहाजावर क्रूसो ज्या खेपा घालतो तो भाग. तेरा दिवसांत तो अकरा वेळां त्या जहाजावर जातो; दोऱ्या, शिडाचे तुकडे, खिळे, हत्यारें, जें हाताला लागेल तें तराफ्यावर रचून किनाऱ्याला आणतो. शेवटच्या खेपेंत त्याला एका खणांत नाणीं सांपडतात. या ओसाड बेटावर तुमचा मला काय उपयोग, असें तो त्या नाण्यांना चांगलें खडसावतो. आणि मग थोडा विचार करून तींहि बरोबर घेतो. इतका प्रामाणिक भंगारवाला साऱ्या वाङ्मयांत दुसरा नसेल! मात्र त्याच्या बाबतींत एक गोष्ट सरळ होती. त्याचे सोबती बुडाले होते. त्या वस्तूंना दुसरा धनी उरला नव्हता. ही लहानशी गोष्ट माझ्या ध्यानांत येण्यास फार वर्षें जावीं लागलीं.

दरम्यान या छंदाला प्रतिष्ठेचें नांवहि मिळालें होतें. १९९४ सालीं राईनर पिल्झ नांवाच्या एका जर्मन अभियंत्यानें जुन्या बांधकामाच्या सामानाविषयीं बोलतांना एक मार्मिक भेद केला. विटा फोडून त्यांचा चुरा वापरणें म्हणजे वस्तूला एक पायरी खालीं ढकलणें होय. जुन्या वस्तूचें मोल वाढेल असा उपयोग आपण केला पाहिजे, असें त्याचें म्हणणें. या चढत्या उपयोगाला त्यानें ‘अपसायकलिंग’ म्हटलें. आपल्याकडे ‘टाकाऊतून टिकाऊ’ असा सुटसुटीत शब्दप्रयोग आहे, आणि हस्तव्यवसायाच्या तासाला तो प्रत्येक मुलाच्या कानांवरून जातो. हें काम खऱ्या मोठेपणानें करणारीं माणसेंहि आपल्यांत आहेत. अरविंद गुप्ता हे कानपूरच्या आय्. आय्. टी. मधून अभियंते होऊन बाहेर पडले. १९७८ सालीं होशंगाबादच्या विज्ञानशिक्षणाच्या उपक्रमांत त्यांनीं खेड्यांतल्या शाळा पाहिल्या, आणि आगकाड्या व सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी एवढ्याच सामग्रीवर मुलांसमोर भूमितीच्या आकृति उभ्या केल्या. पुढें पुण्याच्या ‘आयुका’तल्या मुलांच्या विज्ञानकेंद्रांत त्यांनीं कचऱ्यांतून शेंकडों खेळणीं केलीं. आमच्या कॉलेजच्या स्नेहसंमेलनांत मीं या विषयावर व्याख्यान दिलें, तेव्हां अरविंद गुप्तांचें नांव दोनदां घेतलें आणि माझ्या घड्याळाचें तीनदां.

अशा भरभराटीच्या दिवसांत, गेल्या भाद्रपदांत, मला तो दांडका सांपडला.

सरळगांवाहून किन्हवलीकडे जो रस्ता जातो त्या बाजूला मी एकटाच हिंडत होतों. दोन्ही अंगांना भात पोटरीला आलेलें होतें. एका ओढ्याच्या कांठीं, करंजाच्या बुंध्याला टेकून, हातभर लांबीचें एक लाकूड उभें होतें. रंग काळसर, एका टोंकाला भोंक, भोंकांत झिजलेल्या दोरीचा तुकडा. आणि सगळें अंग असें गुळगुळीत, कीं कोणी वर्षानुवर्षें त्याला हातानें कुरवाळीत असावें. मीं इकडे तिकडे पाहिलें. कोणी नव्हतें. खरें सांगायचें तर, कोणी नाहीं याची खात्री करून घेण्यासाठींच मीं पाहिलें होतें. लाकूड पिशवींत घातलें आणि एस्. टी. गांठली.

तीन संध्याकाळ खपून मीं त्याचा टेबलावरचा दिवा केला. खालीं बैठक बसविली, आंतून वायर जाण्यासाठीं उभें भोंक पाडलें, तीन हात वॉर्निश दिलें, आणि वर बांबूची एक जुनी टोपली पालथी घातली. दिवा लावला तेव्हां टोपलीच्या विणींतून भिंतीवर जी नक्षी उमटली ती पाहून पत्नी क्षणभर उभी राहिली व म्हणाली, “हें मात्र बरं दिसतं हं.” बारा वर्षांत मिळालेलें हें पहिलें प्रशस्तिपत्र! त्या रात्रीं मीं विनाकारण दोन तास अधिक वाचन केलें.

पंधरा दिवसांनीं आमच्या वर्गांतला एक विद्यार्थी निबंध दाखविण्यासाठीं घरीं आला. तो किन्हवलीकडचा, घरची शेती, कल्याणला वसतिगृहांत राहून शिकणारा. मी त्याच्या निबंधांतल्या चुकांवर खुणा करीत होतों, आणि तो माझ्या दिव्याकडे पाहत होता.

“सर, हा दिवा तुम्हीं केलात?”

मी इतिहास सांगण्याच्या तयारींत सरसावून बसलों. तो म्हणाला, “चांगला झालाय. पण हें लोढणं आहे, सर.”

लोढणें! हा शब्द मीं आयुष्यांत हजारदां वापरला असेल. कर्जाचें लोढणें, नोकरीचें लोढणें, गळ्यांतलें लोढणें. एकदां तर परीक्षेच्या पेपरांत त्याचा वाक्यांत उपयोग करावयास सांगितलें होतें. पण ओढाळ गुराच्या गळ्यांत, धांवूं लागलें तर पायांवर आपटावें म्हणून जें लाकूड बांधतात, तें कसें दिसतें, हें मीं कधीं पाहिलेंच नव्हतें. पाहिलें तेव्हां त्याला वॉर्निश दिलें.

“कुठं मिळालं, सर?”

“ओढ्याकाठीं पडलं होतं.”

“पडलं होतं, कीं उभं होतं?”

एवढा नेमका प्रश्न मला कोणत्याहि परीक्षकानें कधीं विचारला नव्हता. मीं सांगितलें कीं, झाडाला टेकून उभें होतें. मुलगा थोडा वेळ गप्प राहिला. मग माझ्याकडे न पाहतां म्हणाला, “गाईला पाण्यांत घालायला नेतात, तेव्हां काढून ठेवतात.” आणि निघतांना, पायांत चपला घालतां घालतां, “ते दिवस भाताचे होते ना, सर?”

पुढच्या रविवारीं मीं दिव्याची बैठक काढली, वायर ओढून घेतली, आणि लोढणें पिशवींत घालून निघालों. तो मुलगाहि बरोबर आला. या खेपेस आम्ही लोकलनें आसनगांवला उतरून शहापूरवरून किन्हवलीची एस्. टी. धरण्याचें ठरविलें. गाडींत तरुण मंडळींचे थवे होते. कोणी माहुलीला, कोणी कसाऱ्याजवळच्या विहिगांवच्या धबधब्याला. प्रत्येकाच्या पाठीवरल्या पिशवींत पाण्याच्या बाटल्या होत्या. त्या बाटल्यांपैकीं किती परत येतात, हें मला रस्त्यांच्या कडा धुंडाळणाऱ्याला चांगलें ठाऊक आहे. आणि मौज अशी, कीं हीं मंडळी ज्या मुंबईहून येतात ती मुंबई पाणी पिते तें याच तालुक्याचें. तानसाचें धरण १८९२ सालीं पुरें झालें. पुढें भातसा आली, आणि मुंबईच्या पाण्यांतला सर्वांत मोठा वाटा आज तीच देते. उन्हाळ्यांत त्याच शहापूर तालुक्यांतल्या कित्येक पाड्यांना टँकरची वाट पाहत बसावें लागतें. भरलेलें पाणी येथून जातें आणि रिकाम्या बाटल्या येथें येतात. हा व्यवहार मीं बारा वर्षें पाहिला होता. पण माझी पिशवीहि त्याच व्यवहारांतली आहे, असें त्या दिवसापर्यंत मला कधीं वाटलें नव्हतें.

पाड्यावर विचारीत विचारीत आम्ही एका अंगणाशीं आलों. लोढण्याचा धनी साठी उलटलेला एक शेतकरी निघाला. तो वाखाचा पीळ देत बसला होता. आम्हांला बसायला घोंगडी टाकून तो पाणी आणावयास आंत गेला, तेवढ्यांत मीं अंगणावरून नजर फिरविली आणि मला चमत्कारिक वाटूं लागलें. परसाला जुन्या साड्यांचें कुंपण होतें. रानडुकरें फडफडणाऱ्या रंगीत कापडाला बिचकतात. गोठ्याच्या दाराला ट्रकच्या टायरच्या पट्टीची बिजागरी होती. खताच्या पोत्याचीं इरलीं वळचणीला टांगलेलीं होतीं. एरवीं पळसाच्या पानांनीं शाकारीत त्या बांबूच्या सांगाड्यावर आतां पोतें आलें होतें. गोडेतेलाच्या डब्याचा पत्रा उलगडून कणगीच्या तळाशीं उंदरांसाठीं ठोकलेला होता. सहलकऱ्यांच्या बाटल्यांत बियाणें भरून त्या ओळीनें लावून ठेवल्या होत्या. एक नातू मोडक्या छत्रीच्या काडीला आंकडा करून खेकडे ओढावयास निघाला होता. ओट्यावर जी गोधडी वाळत होती तींत तीन पिढ्यांचीं लुगडीं सहज असतील. आणि या सगळ्यांत एकहि वस्तु कोणाला दाखविण्यासाठीं ठेवलेली नव्हती. माझ्या व्याख्यानाला जे दोनशें श्रोते होते त्यांच्यापैकीं एकाच्या तरी मनांत, हें व्याख्यान येथें येऊन ऐकावयास हवें होतें असें आलें असेल काय?

मीं पिशवींतून लोढणें काढून म्हाताऱ्यापुढें ठेवलें आणि कबुली दिली. तो तें हातांत घेऊन फिरवून पाहूं लागला.

“टाकलेलं दिसलं, म्हणून घेतलं,” मी म्हणालों.

“टाकलं नव्हतं, मास्तर,” तो शांतपणें म्हणाला. “ठेवलं व्हतं.”

त्याच्या बोलण्यांत राग नव्हता. एखाद्या मुलाचा चुकलेला शब्द सुधारावा तशी त्यानें माझी क्रियापदाची चूक सुधारली. पण हकीकत त्यानें सांगितली ती त्याच्या आवाजाइतकी शांत नव्हती. गाय धुवायला म्हणून त्यानें लोढणें काढून झाडाला टेकून ठेवलें होतें. ती वरच्या अंगाला गेली म्हणून तो तिच्यामागें गेला. परत येऊन पाहतो तों लोढणें नाहीं. अंधार पडेपर्यंत त्यानें शोधलें. दुसऱ्या दिवशीं गाय तशीच चरायला सुटली आणि चुलतभावाच्या भातांत शिरली. उभें पीक तुडवलें गेलें. चुलतभावानें गाय कोंडवाड्यांत नेऊन घातली. दंड भरून ती सोडवून आणावी लागली. लोढणें हरवलें, हें भावाला खरें वाटेना. तूं मुद्दाम सोडलीस, असें तो म्हणाला. त्यावर यानेंहि कांहीं शब्द वापरले. तेव्हांपासून दोन्ही घरांत अबोला होता.

मीं दंडाची रक्कम विचारली आणि पाकिटांत हात घातला. म्हातारा म्हणाला, “दंडाचं काय, तो भरला. पण तो बोलत नाय.”

तीस वर्षें मी वर्गांत बोलत आलों आहें. सिनेटच्या सभांतून बोललों आहें. पण त्या दिवशीं दोन अंगणांमधलें कुंपण ओलांडून पलीकडच्या माणसासमोर उभें राहतांना माझ्या तोंडाला जशी कोरड पडली तशी कधीं पडली नव्हती. मीं सांगितलें कीं, तुमचे भाऊ खोटें बोलले नाहींत. लोढणें मीं नेलें होतें, आणि हा पुरावा. नुकसान झालें त्याची भरपाई करण्याचीहि माझी तयारी आहे. चुलतभावानें पुरावा हातांत घेतला. त्याच्यावरचें वॉर्निश उन्हांत चकाकत होतें. त्यानें भोंकांतून डोळा लावून आरपार पाहिलें. “हें भोक कशाला?” त्यानें विचारलें. मीं दिव्याची गोष्ट सांगितली. तो बराच वेळ कांहीं बोलला नाहीं. मग त्याचे खांदे हलूं लागले.

“एवढी चकाकी आमच्या देव्हाऱ्याला नाय,” तो म्हणाला. “गाय आता लग्नाला काढली पायजे.”

भरपाईचा विषय त्यानें हातानेंच उडवून लावला आणि आंत पाहून चहा सांगितला: दोघांना. म्हातारा कुंपणापलीकडे उभा राहून ऐकत होता. चुलतभावानें त्याच्याकडे पाहिलें नाहीं, पण थोडें थांबून पुन्हां आंत सांगितलें, “तीन कर.”

निघतांना म्हाताऱ्यानें माझ्या दिव्याच्या भोंकांत बाभळीची एक खुंटी तासून ठोकली, म्हणजे पाणी शिरून लाकूड कुजावयास नको. आणि गाईच्या गळ्यांत मधल्या काळांत बांधलेला टायरचा तुकडा सोडून तेथें लोढणें बांधलें. टायरचा तुकडा त्यानें टाकला नाहीं. त्याचें काय करावयाचें हें त्याला तेव्हां ठाऊक नसावें. पण त्यानें तो गोठ्याच्या आढ्याला खोंचून ठेवला. लोढण्याचा दिवा झाला होता, दिव्याचें पुन्हां लोढणें झालें. यांत वस्तु एक पायरी वर गेली कीं खालीं आली, हें पिल्झसाहेबांना विचारावयास हवें. गाईचें मत विचाराल तर ती लंगडत लंगडत आमच्या मागें थोडी आली आणि मान झटकून परत गेली.

परततांना गाडींत मला चंडीगडची आठवण झाली. तेथील नेकचंद यांची दगडांची बाग मीं तरुणपणीं पाहिली होती. सरकारी बांधकाम खात्यांतला हा रस्ते-निरीक्षक १९५७ पासून जंगलांत गुपचूप फुटक्या बांगड्या, कपबशा आणि पडक्या घरांचे अवशेष नेऊन त्यांच्या बाहुल्या उभ्या करीत होता. १९७६ सालीं ती बाग लोकांना खुली झाली. तेव्हां मला तिची करामत तेवढी दिसली. पण तें सामान आलें कोठून? नवें शहर वसविण्यासाठीं जीं खेडीं उठविलीं त्यांच्या ढिगाऱ्यांतून. तीं खेडीं कोणी टाकलीं नव्हतीं. नेकचंदांना हें आपल्यापेक्षां अधिक कळत असलें पाहिजे; १९४७ च्या फाळणींत त्यांचें स्वतःचें गांव सीमेपलीकडे राहिलें होतें. म्हणूनच कीं काय, त्या बागेंतल्या बाहुल्या माणसांचे घोळके करून उभ्या आहेत, कोणाची तरी वाट पाहत असल्यासारख्या.

‘टाकाऊतून टिकाऊ’ या वचनांतला दुसरा शब्द सोपा आहे. थोडें कौशल्य आणि तीन हात वॉर्निश असलें कीं तो साधतो. अवघड आहे तो पहिला. अमुक वस्तु टाकाऊ, हें ठरविणारा कोण? शहरांतला मनुष्य बाहेर पडला कीं त्याला वाटेंत जें जें धन्यावांचून दिसतें तें तें टाकलेलें वाटतें. कारण त्याच्या स्वतःच्या जगांत ज्या वस्तूवर कुलूप नाहीं ती सोडून दिलेली असते. खेड्यांत मात्र कुलुपाचें काम पुष्कळदां विश्वास करतो. करंजाला टेकून ठेवलेलें लाकूड संध्याकाळीं तेथेंच असेल, या विश्वासावर एक गाय, एक शेत आणि दोन भाऊ अवलंबून होते. मीं उचललें तें लाकूड हातभर लांबीचें होतें. पण त्याबरोबर काय काय उचललें गेलें, तें माझ्या पिशवीला कळलें नाहीं.

छंद मीं सोडलेला नाहीं. या वयांत छंद सुटत नसतात. फक्त हल्लीं कांहीं दिसलें कीं लगेच वांकत नाहीं. जवळ उभा राहून आधीं पाहतों: तें पडलें आहे, कीं उभें आहे? मग जो कोणी भेटेल त्याला विचारतों. पुष्कळ वेळां उत्तर येतें, “न्या कीं!” आणि कधीं कधीं येतें, “आमचं आहे तें, असूं द्या.” दुसरें उत्तर ऐकलें कीं मला पहिल्यापेक्षां कांकणभर अधिक बरें वाटतें, हें माझें मलाच नवल आहे. विचारण्याच्या निमित्तानें पूर्वीं कधीं न भेटलेलीं माणसें मात्र भेटूं लागलीं आहेत.

परवां पत्नीनें गॅलरी आवरावयास काढली. बारा वर्षांचा संग्रह तेथें कोपऱ्यांत साठलेला होता: फुटकीं कौलें, गंजलेल्या साखळ्या, एक बिनदांड्याचें फावडें, आणि बैठक व टोपली राहिलेला, मधला दांडा गेलेला माझा दिवा. भंगारवाला खालीं ओरडत होता. ती केरसुणी हातांत घेऊन माझ्याकडे वळली आणि अगदीं गंभीरपणें म्हणाली, “विचारून घ्यावं म्हणतें. हें सगळं टाकलेलं आहे, कीं ठेवलेलं?”

मीं हातांतलें पुस्तक खालीं ठेवून घाईनें उत्तर दिलें, “ठेवलेलं! ठेवलेलं!”